वीतभर, बोटभर

मोठी फुलते माघात,
ठेंगणी श्रावण सरता सरता.
म्हणून मोठीचा पराग सात महिने
फ्रिजमध्ये, सुक्या बांगड्याच्या डब्यामागे,
होमिओपॅथीच्या कुपीत.
वर चिठ्ठी: औषध नाही.
शेजारच्या इनासने तरी एकदा हुंगून पाहिलीच.

वेंगुर्ल्यात, बंदराच्या चढणीवर,
हिरव्या जाळीखाली माझी बेचाळीस रोपं.
मोठीचं फूल वीतभर,
तिच्या सपातेत माझा अंगठा मावतो.
ठेंगणीची सपात म्हणजे
चिंचोक्याला घातलेलं पायताण.

माशी सपातेत घसरते, मागच्या चोरवाटेने
अंग घासत निघते, तेव्हा जमतं.
पण मोठीची माशी ठेंगणीत शिरत नाही
आणि ठेंगणीची मोठीत गेली
तर कशालाही न शिवता,
बाजार नुसता फिरून आल्यासारखी, परत.
तेव्हा माशी मी.

ब्लेडने सपात कापायची.
(दर वेळी वाटतं, देवळाबाहेरची
कुणाची तरी वहाण उचलतेय.)
आत ढालीमागे ठिपक्याएवढी ओली जागा,
आणि टाचणीवर मोठीचा पराग, काकवीसारखा चिकट,
त्या जागेच्या तिप्पट.
अर्धा पुसून टाकायचा.
कुठला अर्धा, हे कुणी सांगत नाही.

पहिली तीन वर्षं उलट केलं होतं,
ठेंगणीचा पराग मोठीला.
रुजला असेल, निघाला असेल,
त्या लांब गळ्यात अर्ध्या वाटेवर दमला.
बोंडं फुगली. मी नारळ वाढवला.
फोडली, तर आत भुसा.

बाबा नारळाच्या संकराच्या कामावर होते,
बाणवलीचा पराग ठेंगूच्या पोयीला,
कापडी पिशव्या, कमरेला कोयता.
भुसा त्यांनी बोटांवर घेतला, फुंकला.
"आवस ठेंगणी बघूची, बाय. हात पोचता."

एवढंच.
शास्त्र नव्हतं ते, गुडघे होते त्यांचे.
चौथ्या वर्षी मी ऐकलं.

आता बोंड करंगळीएवढं.
अजून चार महिने, मग पिठासारखं बी,
मग बाटल्या, आणि बाटल्यांत
बियांआधी रुजणारी बुरशी.
इनास विचारतो, होणार कुणाच्या मापाची?
मी म्हणते, सहा वर्षांनी ये.
तो बोटं मोजतो, लग्नाचं वय काढतो, हसतो.

ठेंगणीचा देठ भाराने वाकलाय.
आज तिला बांबूची काडी दिली,
सुंभाने बांधून, सैल.
खारा वारा सुटलाय दुपारपासून.