रकाना क्रमांक अकरा

व्हिक्टोरियाहून अर्ज आलाय, नऊ पानी.
आमच्या शोध-बचाव पथकाला
वाहत्या पाण्यात उतरायची मान्यता द्यावी का.
दहा रकाने पथकाने भरलेत:
दोर किती, हेल्मेटं किती, कोण कुठे किती तास शिकलं.
अकरावा माझा. 'स्थानिक अभिप्राय.'
आखलेल्या तीन ओळी, खाली दोन चौकोन:
हो. नाही.

मी कूटनीच्या डोंगरातल्या या गावची कारकून.
कुत्र्यांचे परवाने देते, दफनभूमीतल्या जागा लिहून ठेवते,
बर्फ काढणाऱ्या ट्रकचं डिझेल मोजते.
नदीबद्दल मला पहिल्यांदाच कुणी विचारतंय.

विचारत फिरले मग.
फेरीवरचा ओर्विल म्हणाला, त्यात विचारायचं काय,
एकोणीस वर्षं उतरतातच की हे लोक,
कागदाला आत्ता कळलं एवढंच.
बेकरीतल्या पेरेपोल्किनबाई म्हणाल्या, लिही हो,
आणि पावाची पिशवी पुढे सरकवली, पैसे नकोत,
जणू पथकात मीच आहे.

तोश नाकागामाकडे शेवटी गेले.
गॅरेजमध्ये छतापासून जमिनीपर्यंत दोर,
आणि तो एकेक इंच बोटांखालून घेत
जपमाळ ओढावी तसा.
किती जण रे तुम्ही?
सात, म्हणाला.
आणि जूनमध्ये?
हात थांबला.
ब्रिन आणि कोल्टन उत्तरेला जातात, रोपं लावायला.
फेन्या वणव्याच्या तळावर, स्वयंपाकाला.
लॉरेंट ओंडक्यांच्या बोटीवर.
राहतात तिघं.
त्यातला एक मी, म्हणाला, आणि हा गुडघा.

आणि जून म्हणजे नदी.
वरचा बर्फ एकदम सुटतो,
पाणी पुलाच्या पोटाला लागतं,
मुळासकट आलेली झाडं रात्रभर खांबांना धडका देतात
आणि आम्ही अंथरुणात पडून धडका मोजतो.
ऑक्टोबरात हीच नदी गुडघाभर,
लार्चच्या पिवळ्या सुया वाहून नेते, निमूट.
त्यांचं प्रशिक्षण ऑक्टोबरात झालं.
रकाना सहा. तारीख खरी आहे.

म्हटलं, तोश, मग?
म्हणाला, मान्यता मिळाली की फोन येणार.
फोन आला की आम्ही जाणार.
तिघं असलात तरी?
त्याने दोर गुंडाळायला घेतला.

रात्री टेबलाशी बसले.
'नाही' म्हणावं तर एकोणीस वर्षं पुसली जातात,
उद्या पाव आणायला कोणत्या तोंडाने जाऊ.
'हो' म्हणावं तर माझ्याच अक्षरात
तिघांना काठावरून ढकलल्यासारखं.
चौकोन दोन.
महिने बारा.

अखेर लिहिलं, बारीक, समासात घुसून:
माणसं पक्की आहेत. ऑगस्ट ते एप्रिल, डोळे मिटून हो.
मे ते जुलै संख्या पुरत नाही;
शेजारच्या खोऱ्यातलं पथक सोबत निघाल्याशिवाय
यांना पाण्यात सोडू नका.
यांना विचारलंत तर हे नाही म्हणणार नाहीत,
म्हणून मी म्हणते आहे.

चौकोन कोरे ठेवले.

पाच आठवड्यांनी अर्ज परत.
वर चिठ्ठी: 'कृपया एकाच चौकोनात खूण करावी.'

फोन लावला. मार्गो नावाची कुणी बाई, आवाजाने भली.
मी सांगू लागले, समासाचं, सातांचं, तिघांचं,
ती म्हणाली, बाई, यंत्रात समास जात नाही.
तेव्हा खिडकी उघडली
आणि तार पुरेल तितका रिसीव्हर बाहेर धरला.
बराच वेळ.
मग कानाला लावला.
ऐकू आलं?
हो, म्हणाली. फार मोठा ट्रक उभा आहे का तिथे?
नाही, म्हटलं. मे महिना.