दुसरा गठ्ठा

पाच जुलैला मतं पडली. पेट्यांना लाख लावून
त्या शाळेच्या चित्रकलेच्या वर्गात ठेवल्या,
तीन आठवडे.
सैनिकांची मतं यायची होती, ब्रह्मदेशातून, इटलीतून,
कुठल्या कुठल्या जहाजांवरून.
दाराशी हवालदार पिकरिंग
बायकोसाठी वाटाणे सोलत बसायचा.

निकाल आत होता, घडी घातलेला.
सिरिल ब्रॅमहॉल हेसल रोडवर
लोकांच्या पाठीवर थापा मारत हिंडत होता
आणि लोक खरंच टोप्या काढत होते.

एक्केचाळीसच्या मे महिन्यात
आमचा हा नगराध्यक्ष पायजम्यावर कोट चढवून
गल्लीत धावत आला,
विटा उपसत ओरडला, "खाली कुणी आहे का?"
होती. माझी आई होती.
त्यानं तिला दोन हातांवर बाहेर आणलं,
अंगावर आपला कोट घातला.
तो परत मागितला नाही कधी.
पुढे मी तो कापून धाकट्याला शिवला.

जाऊ म्हणते, गरज सरो, वैद्य मरो.
म्हणू दे.

सभेत त्यानं विचारलं, "ती रात्र आठवते ना?"
मागून डॉली फेन म्हणाली, "छपराचं काय, साहेब?"
तो थांबला. घसा खाकरला.
"ती रात्र..." पुन्हा म्हणाला.

त्याच्याकडे ती रात्र होती.
आमच्याकडे तिच्यानंतरच्या दीड हजार,
ताडपत्रीखाली, बादलीतले थेंब ऐकत.
आणि ज्याच्यापुढे ऊर फुटेस्तो रडलो
त्याच्यापुढे नळाची गळती कशी मांडायची?

शिवाय, हे मी कुणालाच सांगितलं नाही,
तो दिसला की मला भोंगा ऐकू यायचा.
भर बाजारात, मासे निवडताना.

सव्वीस तारखेला मोजणीला मीही होते,
बोटाला रबरी टोपण लावून.
एक मत हातात आलं,
पेन्सिल इतकी दाबलेली की फुलीपाशी कागद फाटलेला.
ओळखलं.
दुसऱ्या गठ्ठ्यावर ठेवलं.

चार हजारांनी पडला.
सगळ्यांशी हात मिळवले, माझ्याशीही,
"धाकटा कसा आहे?" विचारलं.
निघताना सवयीनं
खिडक्यांचे काळे पडदे ओढून घेतले त्यानं,
नीट, फट न ठेवता.
दुपारचे दोन वाजले होते.

कुणी हसलं नाही.
बराच वेळ आम्ही तशाच अंधारात
गठ्ठे बांधत राहिलो.