पालीच्या यात्रेनंतर

यात्रा उठली. फुग्यांचा फळा दुमडून टेंपोत.
उंब्रजला घरी यायला दोन वाजले.
केसांत भंडारा, कानांत भंडारा,
गल्ल्यातल्या दहाच्या नोटा झाडल्या तरी पिवळ्याच.

पोरगी म्हणाली, बंदूक उद्या पुसू.
उद्या म्हणजे गंज.
चार दिवस किती तळहातांचा घाम प्यायलीय ती.

आधी बघायचं. आठवायचं नाही, बघायचं:
आत छर्रा नाही ना.
तोंड मातीच्या भिंतीकडं, बोट घोड्यापासून लांब,
नळी मोडायची ती फट पडेपर्यंतच,
खटका लागू द्यायचा नाही,
आणि डावा हात नळीवरून काढायचा नाही,
दूध उतू गेलं तरी.

अब्बांनी काढला होता एकदा.
दस्तगीर शिकलगार, ज्यांच्या आज्यानं तलवारींना पाणी दिलं,
त्यांचा अंगठा नखापासून नेला
साडेचारशे रुपयांच्या बंदुकीनं.
नंतर बोटं मोजताना म्हणायचे, नऊ आणि थोडं.

तंगुशीला फासा, फाशात जुन्या सदऱ्याची चिंधी.
मागून घालायची, पुढून ओढायची,
छर्रा जातो त्याच वाटेनं.
पहिली काळी. शिसं.
दुसरी पिवळी.
तिसरीही पिवळी. पोरगी हसली,
मम्मी, बंदुकीला हळद लागली.

तेल बिजागरीला, एक थेंब, तोही काडीच्या टोकानं.
आत दट्ट्याकडं गेलं तर पुढच्या बाराला धूर ओकते.
हौशी माणसाला हे पटत नाही,
त्याला वाटतं, जास्त तेल म्हणजे जास्त माया.

माशीवर मात्र मी चिंधी नुसती फिरवते.
केसभर कलती आहे ती.
अब्बांनी पकडीनं केली, कंदील मी धरला होता.
सुट्टीवर आलेले फौजीसुद्धा त्या केसावर चुकले
आणि बायकोपुढं बंदुकीला शिव्या देऊन गेले.

परवा एक नवरी आली, कोपरापर्यंत हिरवा चुडा.
दोन छर्रे वाया घालवले,
मग न बोलता नेम जरासा सरकवला
आणि आठ फुगे ओळीनं.
नवरा टाळ्या वाजवत होता. ती माझ्याकडं बघत होती.
बक्षीस नको म्हणाली.

हात साबणानं दोनदा, नखं घासून, मगच भाकरी.
शिसं पोटात जाऊ नये.
बंदूक मिटवून पेटीत, छर्र्यांचा डबा वेगळ्या फळीवर.

पेटीला कुलूप लावायच्या आधी
पोरगी विचारते, पक्कड कुठं ठेवलीस?
कशाला गं, म्हणते मी.
ती माशीकडं बघतेय.