सही कुणाची घ्यायची

अश्दोदहून भाचीचा फोन आला
की एलिझा तळकर आधी पंखा बंद करतो,
तिचं काही निसटू नये म्हणून.
"मामा, त्यांच्याशी बोलायचं म्हणजे बंदुकीशी बोलायचं.
त्यात त्यांचे दोन तट.
एकानं सही केली, तर दुसरा कागद फाडणार."

माझगावच्या खिडकीत तो नुसता हं म्हणतो.

गोदीत युनियनी दोन, एकमेकींच्या जिवावर उठलेल्या.
घरतच्या पोरांनी याची दोन बोटं नेली.
त्याच हातानं, पट्टी ओली असताना,
यानं घरतला बशीत चहा ओतून दिला,
कारण फाटकाची किल्ली घरतकडे होती,
भल्या माणसांकडे नव्हती.

घरतनं शब्द पाळला. आठ महिने.
हे थोडे की पुष्कळ,
तळकरला अजून ठरवता येत नाही.

आपला भोंगा कामावर बोलवायचा.
तिचा वाजला की ती पोराला काखेत मारून जिना उतरते.
आणि कुंपणापलीकडे, जिथे भोंगाही नाही,
तिथेही असेल एखादी भाची;
विचारायला मामा
उरला असेल, नसेल.

"मामा, ऐकतोयस ना?"
नसलेल्या बोटांना खाज सुटते.
"ऐकतोय," तो म्हणतो,
"जेवलीस का?"