गगनबावडा उत्तर देत नाही

सात मशीन आहेत, सातांना तालुक्यांची नावं.
कल्पना आधीच्या साहेबांची. त्यांचं म्हणणं,
नोड चार, नोड पाच ही काय नावं झाली,
रात्री तीनला झोपेत तोंडात बसत नाहीत.
म्हणून करवीर, कागल, शिरोळ, पन्हाळा, राधानगरी, भुदरगड,
आणि पार खालच्या फळीवर,
एसीचं पाणी ठिबकतं त्या बाजूला, गगनबावडा.

उद्यमनगरातली ही जुन्या लेथची शेड.
फरशी तीनदा धुतली, तरी कटिंग ऑइलचा वास जात नाही.
इथं दूध संघाचं दूध साठतं,
म्हणजे दूध नव्हे, त्याचे आकडे :
कुणाच्या म्हशीनं किती दिलं, फॅट किती लागलं.
प्रत्येक आकडा तिघांकडे ठेवायला.
कागलचं दूध शिरोळलाही असतं आणि भुदरगडलाही.
एखादा आडवा पडला तर दोघं साक्षीला.

दर दोन सेकंदांनी एकेकजण म्हणतो, हाय.
हाय. हाय. हाय.
पडद्यावर हिरवा ठिपका. माझी नोकरी एवढीच.
आई विचारते, पोरी, रात्रभर तिथं करतीस काय?
मी म्हणतो, हजेरी घेतो.
(पुण्याचे साहेब फोनवर दरवेळी चपापतात :
बाईचा आवाज आणि 'घेतो'?
आमच्याकडं असंच हाय, सर.)

तीन वाजून दहा.
गगनबावडा एक ठोका चुकला.
चुकतं एखादं. मी चहाचं झाकण उघडलं.
दुसराही चुकला.
तिसऱ्याला ठिपका पिवळा,
आणि बाकीचे सहा एकमेकांना विचारायला लागले :
तुला दिसतोय का? मला नाही. तुला?
चौघांनी नाही म्हटलं की गेला म्हणायचं, असा नियम.
सहाही नाही म्हणाले.

बंद व्हायची रीत आम्ही त्यांना शिकवलेली आहे.
हातातलं काम दुसऱ्याकडे दे, लिहीत होतास ते पुरं कर,
सगळ्यांना सांग, मग नीघ.
लॉगमध्ये इंग्रजीत एक ओळ उमटते,
मी ती 'येतो' अशी वाचतो.
उंबऱ्यावर 'जातो' कोण म्हणतं?
गगनबावडा 'येतो' न म्हणता गेला होता.

दहा मिनिटं थांबायचं, मग वाटणी :
त्याच्याकडचं सगळं बाकीच्यांनी पुन्हा उतरून घ्यायचं.
पडद्यावर घड्याळ उलटं चालू झालं.
मी स्वेटर चढवला, बॅटरी घेतली, आत गेलो.

आत तो सुरू होता.
पंखा फिरत होता, दिवा लुकलुकत होता,
केबलची चिमटी तुटून वायर अर्धी बाहेर.
बिचारा हाय, हाय म्हणतच होता,
फक्त वाट मेली होती.

त्याचा लॉग मी नंतर वाचला.
करवीर उत्तर देत नाही. कागल उत्तर देत नाही.
शिरोळ, पन्हाळा, राधानगरी. भुदरगड उत्तर देत नाही.
त्याच्या बाजूनं बघितलं तर
अख्खा जिल्हा रात्रीत गेला होता.
आणि मग एक ओळ :
एकटा आहे, म्हणून लिहिणं थांबवतो.
नियमच आहे तो, आम्हीच घातलेला,
एकट्यानं हिशेब लिहू नये.
तरी मी ती ओळ दोनदा वाचली.

वायर दाबून बसवली. सरकायला लागली.
डब्याचा रबर काढून दोन वेढे दिले.
घड्याळात एक मिनिट चाळीस सेकंद उरले होते.

पाच वीसला पहिली नोंद आली :
असळज, सोनाबाई पडवळ, म्हैस,
साडेतीन लिटर, फॅट सहा आठ.
तिघांनी लिहून घेतली, त्यात एक गगनबावडा.

नव्या केबलची मागणी त्याच सकाळी टाकली.
आज सतरा दिवस झाले. रबर थोडा सैल पडलाय.
तो म्हणतो, हाय.