डोंगराची मोड

आमच्या चलनाचं नाव लोती.
लोती म्हणजे डोंगर.
मासेरूच्या बाजारात कोबीचा गड्डा घेताना
आम्ही डोंगर मोजून देतो
आणि उरलेली मोड मुठीत घेऊन घरी येतो.
हे त्या पानावर नाही.

त्या पानावर आहे:
लेसोथो. क्षेत्रफळ तीस हजार चौरस किलोमीटर, वर थोडं.
समुद्र नाही. शेजारी एकच, चहूबाजूंनी.
निर्यात: कपडे, पाणी, हिरे, लोकर.
कोपऱ्यात फोटो, घोंगडी पांघरलेला, गवताची उंच टोपी घातलेला
कुणी एक "स्थानिक मेंढपाळ".
मी ओळखते त्यांना. सेमोंकोंगचे न्ताते फाकिसो.
कर्ज काढून कधी घोडा घेऊ नये, असं सांगायचे
आणि स्वतः दोनदा घेतला.

जिनिव्हात देश मुळाक्षरांनी बसतात.
डाव्या हाताला लॅटव्हिया, उजव्या हाताला लायबेरिया,
त्यापलीकडे लिख्टेनश्टाइन,
तोही डोंगराळ, तोही कोंडलेला,
पण त्याच्या कोटाला अस्तर आहे.
आम्ही एकमेकांना मान हलवून ओळख देतो,
एकाच चाळीतल्या, पण वेगवेगळ्या मजल्यांवरच्या
भाडेकरूंसारखी.

आज तिसरा दिवस, कलम नऊ.
विजारीचं कापड ज्या देशात विणलं
तो तिचा देश, की जिथे शिवली तो?
मसुद्यात ज्या शब्दावर भांडण असतं
त्याला चौकटी कंसात ठेवतात.
[द्यावी] [देता येईल]
सवलत द्यावी, की देता येईल,
यावर मोठ्या देशांची माणसं
जेवणाची सुट्टी सोडून बोलतात.
मी नकाशा आठवते आमचा.
सगळी सीमा म्हणजे एक कंसच,
आत आम्ही, अजून न ठरलेले.

माझी बहीण पुलेंग
थेत्सानेच्या कारखान्यात जीन्सचा डावा खिसा शिवते.
फक्त डावा. एका पाळीत सहाशे.
उजवा खिसा शिवणारी बाई दोन रांगा पुढे बसते,
तिचं नाव तिला चार वर्षांनी कळलं,
तेही संपाच्या दिवशी.
अख्खी विजार पुलेंगने पाहिली आहे,
पेटीत, घडी घालून,
जहाज नसलेल्या देशातून जहाजाकडे निघालेली.

माझी पाळी आली तेव्हा पावणेसात वाजले होते.
तीन मिनिटं. मग लाल दिवा.
भाषण टंकलेलं होतं, आकड्यांना अधोरेखा होत्या.
तरी सवयीनं तोंडातून आधी निघालं, "खोत्सो."
आमच्याकडे कुणी दारात आलं की म्हणतात तसं. शांतता.
काचेआडची दुभाषी थबकली.
तीन भाषांच्या हेडफोनमध्ये
एक श्वासभर काहीच आलं नाही.
त्या दिवसात त्या सभागृहातून
एवढंच काय ते जकात न भरता गेलं.
मग मी आकडे वाचले.
लॅटव्हियाने टिपून घेतले. अध्यक्ष घड्याळाकडे पाहत होते.

कॉफीच्या यंत्रात चार फ्रँक टाकले,
हिशेब सुटत नाही डोक्यातला:
ऐंशीवर डोंगर गेले एका कागदी कपात.
यंत्रावर चिठ्ठी: मोड मिळणार नाही.

रात्री पुलेंगचा फोन.
"काय झालं?"
"कंस राहिला. पुढच्या बैठकीत बघतील."
"कधी?"
"ऑक्टोबर."
पलीकडे भांडं ठेवल्याचा आवाज,
पापा घोटताना ती फोन खांद्यावर धरते.
"म्हणजे सोमवारची पाळी आहे ना?"
"आहे."
"मग येताना सुया आण," ती म्हणाली,
"सोळा नंबरच्या. इथल्या
तिसऱ्या खिशाला मोडतात."