माझो धोंडो

सिनेमाचं नाव सांगत नाही. चालला नाही तो.
अकरा दिवस विजयदुर्गात मुक्काम होता त्यांचा,
त्र्याहत्तर साली, दसरा उलटून गेल्यावर.
नायक बोटीवरून पडावात उतरतो,
बंदराला लागतो, आणि रेशन दुकानावरून
चालत जातो आपल्या दुःखाकडे.
काय दुःख होतं, आता आठवत नाही.

त्याच्या डाव्या खांद्यामागे बघा.
तिथे रॉकेलची रांग आहे.

खरं तर तेव्हा रांगेत माणसं नसायचीच.
पहाटे आपापला धोंडा ठेवून
बायका लिलावाला जायच्या पुळणीवर.
कुणाचा जांभा, कुणाचा फुटक्या पाट्याचा तुकडा,
कुणाची नुसती करवंटी, ओळखीला आत एक शिंपला.
दुकान उघडेपर्यंत धोंडे ऊन खात बसायचे
आणि एकही धोंडा कधी पुढे सरकला नाही.

युनिटच्या एका पोऱ्याला तो कचरा वाटला.
त्याने पायानेच सगळं गटारात लोटलं.
जागा स्वच्छ झाली. कॅमेरा लागला.
आणि टोपल्या घेऊन बायका परत आल्या.

पडद्यावर हे सगळं बेचाळीस सेकंद.
आईच्या हातात पाच लिटरचा डबा.
मनगट बघा तिचं, किती सहज हलतंय.
रिकामा आहे डबा.
कडेवरून एक पाय लोंबतोय, काळा दोरा बांधलेला,
तो माझा.
ती ओरडतेय, पण आवाज तिचा नाही,
मुंबईत कुणीतरी तिथे व्हायोलिनं घातली
आणि पक्ष्यांचं रडणं;
आमच्याकडचे पक्षी तसे रडत नाहीत.
ओठ मात्र वाचता येतात मला:
खंय गेलो? माझो धोंडो खंय गेलो?

रात्री जनरेटर चालायचा त्यांचा
खोट्या चांदण्यासाठी, किल्ल्याच्या तटावर.
आमच्या घरात जेवणं झाली की चिमणी फुंकायचे.
हे सिनेमात नाही.

दोन वर्षांनी देवगडात तंबू लागला.
ती भांडणारी रांग आली तशा शिट्ट्या पडल्या,
कुणी म्हणालं, काय अ‍ॅक्टिंग केलंनी बायांनी!
आईने स्वतःकडे बघितलंच नाही.
बोट दाखवून एवढंच म्हणाली,
बघ, वच्छी माझ्या फुडे कशी ती!

वच्छी मालंडकर. पुढे पस्तीस वर्षं
दोघी एकाच विहिरीवर, एकीचं मीठ दुसरीकडे.
पण त्या सकाळचं कुणी मिटवलं नाही.

परवा तिचा नातू आला,
रत्नागिरीला बर्फाच्या कारखान्यात असतो तो.
आजीचा एकही फोटो नाही म्हणाला,
ना लग्नाचा, ना रेशनकार्डावरचा.
फक्त तुमच्या त्या सिनेमात आहे, ऐकलंय.

बसलो मग मोबाइल घेऊन, थांबवत, मागे घेत.
जिथे वच्छीचा चेहरा नीट दिसतो
तिथे आईच्या मुठीत तिचा खांदा.
जिथे आईचा हात सुटतो
तिथे वच्छी वळलेली, नुसता अंबाडा.
पुन्हा मागे घेतलं. पुन्हा तेच.

पुसता येतो हात, तो म्हणाला.
आता मोबाइलच पुसतो, मागची भिंतही भरून देतो.
मी काही बोललो नाही.

महिन्याने चौकट दाखवायला घेऊन आला.
वच्छी, जराशी धुरकट, तोंड उघडं,
काहीतरी उलट बोलतेय माझ्या आईला.
खांद्यावर चार बोटं, अर्ध्या बांगड्या.
काळापांढरा आहे, रंग कळत नाही. हिरव्याच असणार.
रवांदे म्हटलं, तो म्हणाला.

त्या दिवशी रॉकेल कुठपर्यंत पुरलं
हे सांगणारं आता कुणी उरलं नाही.
सिनेमाला विचारावं, तर तिथे नायक वळणावर जातो
आणि त्याच्यामागे
दुकानाची फळी अजून काढलेलीच नाही.